पावण्याला गेलो तेव्हा दादा लिहिणं सोडणार होता

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. माझा थोरला भाऊ अग्निशमन दलात होता. त्याची पहिली कादंबरी आली होती, दुसरी लिहून झाली होती, पण प्रकाशकांकडे अडली होती. ते म्हणाले होते, "नोकरी बाजूला ठेवून लिहा. तुमची सगळी माणसं बंबावरच्या माणसांसारखी वागतात!" ते दादाला फार लागलं. "आता लिहायचंच बंद," असं तो वहिनीला म्हणाला. त्यातच वाशीपलीकडच्या पावणे गावातल्या, कारखान्यांत काम करणाऱ्या वाचकांचं बोलावणं आलं. तो नको म्हणत होता, मी धाकटी बहीण, त्याला ओढूनच नेलं.

दादरहून बसनं खाडीपूल ओलांडून वाशी गाठली. नव्या कोऱ्या इमारती, निम्म्या खिडक्यांना पडदेसुद्धा नव्हते. उसळपाव मात्र झणझणीत मिळाला, आणि स्वस्तही. आज तुम्ही लोकलनं तुर्भ्याला उतरून रिक्षा केलीत की झालं. आम्ही एका टेम्पोत पुढे बसून, धूळ खात पावण्याला पोचलो.

रविवार होता. एका बंद वर्कशॉपच्या पत्र्याच्या शेडमध्ये सतरंज्या घातल्या होत्या. औषधांच्या कारखान्यात पॅकिंग करणाऱ्या कमलताईंनी पहिलाच प्रश्न टाकला. "दादा, तुमच्या कादंबरीतली माणसं कुठूनही निघाली की मागे वळून बघतात. लग्नातून, भांडणातून, कुठूनही. असं का हो?"

दादा गोंधळला. "तसं होतंय? मला ठाऊकच नव्हतं."

तेवढ्यात नाकात झोंबणारा वास आला आणि डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. शेजारच्या बर्फाच्या कारखान्यातला अमोनिया सुटला होता. सगळे उठून रस्त्याकडे धावले.

"तिकडे नको! वारा तिकडेच जातोय!" दादा ओरडला. "रुमाल ओले करा, तोंडावर धरा. वाऱ्याच्या वाटेतून बाजूला व्हा, खाडीकडे चला!"

मोकळ्यावर पोचलो. खोकला थांबेना. दादा मात्र शेडकडे वळून उभा होता. "कोण राहिलंय?"

कमलताई दचकल्या. "अगं बाई, चहावाली आजी! मागच्या खोलीत आहे. तिला ऐकू कमी येतं."

कुणी काही म्हणायच्या आत ओला टॉवेल तोंडाला बांधून दादा आत गेला होता. मी कमलताईंचा हात घट्ट धरून उभी होते. घरी वहिनीला काय सांगायचं, एवढं एकच डोक्यात येत होतं.

मग आवाज आला. "सोर माना! चाय उतू जाईल माजी!" आजीला खांद्यावर टाकून दादा येत होता आणि सोड मला म्हणत ती त्याच्या पाठीवर बुक्के मारत होती. आम्ही हसलो, रडलोही, काय ते कळलं नाही.

थोड्या वेळानं कारखान्यातल्या माणसांनी गळती बंद केली. कुणालाही काही झालं नव्हतं. पाण्याचा तांब्या पुढे करत कमलताई म्हणाल्या, "राहू द्या दादा, उत्तर मिळालं मला."

घरी आल्यावर दादा पोटभर जेवला, बऱ्याच दिवसांनी. दुसऱ्या दिवशी प्रकाशकांकडे जाऊन म्हणाला, "नोकरी बाजूला ठेवणं जमायचं नाही. कादंबरी आहे तशीच छापा." त्यांनी कुरकुरत का होईना, छापली.

माझ्याकडे त्या प्रवासातलं एवढंच उरलंय, की कुठलीही कादंबरी हातात घेतली की आधी शोधते, ती लिहिणारा माणूस पोटासाठी काय करायचा.