चुना केस खातो

वडील कुपवाडच्या कारखान्यातून येताना डब्याच्या पिशवीत कामगारांची पत्रकं आणायचे. मी त्यांवरच वाचायला शिकले. त्यामुळे तडजोड म्हणजे पाप, असं मला वाटायचं. अजूनही फारसा फरक पडलेला नाही.

आमची वस्ती कडेगावकडच्या माळावर. पाण्याचा टँकर खाली गावातच रिकामा व्हायचा. गेल्या उन्हाळ्यात वस्तीवरच्या बायकांनी ग्रामसभेत बोलायचं ठरवलं. त्याआधी शाळेसमोरच्या काळ्या दगडी भिंतीवर मागणी लिहायची होती आणि ती मी लिहिणार होते. अक्षरं बघून गावातले गडी हसले असते, तर सभेत एकीनेही तोंड उघडलं नसतं.

टँकरचा ठेकेदार म्हणाला, रंग आणि ब्रश माझ्याकडचा न्या. मी साफ नाही म्हटलं. ज्याच्याविरुद्ध लिहायचं, त्याच्याच डब्यात ब्रश बुडवायचा? आमचा चुना होता, कुंचला मी करणार होते.

शेजारच्या मावशींच्या शेळीचे केस कापून मी वेळूच्या काडीला दोऱ्याने बांधले. देखणा कुंचला झाला. मऊ राहावा म्हणून रात्रभर चुन्याच्या बादलीत ठेवला. सकाळी काढला तर केसांचा चिकट लगदा. सभा दुपारी होती.

मावशींनी तो लगदा बोटाने चाचपून बघितला.

"चुना केस खातो गं. एवढी कागदं वाचलीस, त्यात हे न्हवतं व्हय?"

त्यांनी बांधावरच्या घायपाताचं पातं विळ्याने तोडलं, त्याचा हातभर तुकडा घेतला आणि एक टोक मला दगडावर ठेचायला लावलं. गर धुऊन टाकल्यावर टोकाला राठ पांढरे धागे राहिले. उरलेलं पातं म्हणजे मूठ. रसाने मनगटापर्यंत खाज सुटली, पण धागे चुन्यात तसेच ताठ राहिले.

भिंतीवर ओढलं, तर ओला चुना दिसेचना. नुसता पाण्याचा ओघळ वाटत होता. मला रडू फुटायची वेळ आली. मावशी म्हणाल्या, दम धर, वाळला की उठतोय.

ऊन चढलं तशी अक्षरं उठू लागली. दुपारी भिंत खणखणीत बोलत होती. सभेला निघालेले गडी थांबले. कुणी हसलं नाही. त्यांतल्या एकाने मोठ्याने वाचलं, "टँकर वस्तीवर आलाच पाहिजे."

कधी शाळेत न गेलेल्या मावशी माझ्या मागे उभ्या होत्या. पदर खोचत त्या पुढे झाल्या आणि त्याला म्हणाल्या, "मग? कवा येतोय?"

मी भिंतीच्या सावलीत बसले आणि मनसोक्त हात खाजवले.