भिवाचा जोड

भिवा ठाण्याच्या मिठागरातला आगरी गडी, टेलिफोनखात्यात लाइनमन. अकरा वर्षं रोजंदारीवर खांब चढल्यावर चौपन्न साली तो कायम व्हायचा होता. हुकूम येण्यात फक्त साठेसाहेबांच्या तपासणीचा अहवाल बाकी होता.

कल्याणच्या एका भातगिरणीत फोन माडीवर आणि मुनीम दौलतराव खाली गोदामात. घंटा वाजली की अधू पायानं जिना चढायचे. लाइनीवर खात्याचंच यंत्र, तेही परवानगीनं, असा नियम. गोदामात दुसऱ्या फोनसाठी गिरणीनं केलेला अर्ज वर्षभर पडून होता. शेवटी मालकानं मुंबईहून जुनं यंत्र आणलं. मुनीमांचा पाय बघून भिवानं ते गोदामात जोडून दिलं. चहासुद्धा घेतला नाही.

तपासणीत साहेबांना ती तार दिसली. जोड बघताच हात कुणाचा ते त्यांनी ओळखलं. भिवा शेजारीच उभा होता.

"गिरणीच्या वायरमनचं काम दिसतंय," साहेब म्हणाले. "तसंच लिहितो."

"व्हय साहेब, त्यानंच केलं," मुनीम घाईनं म्हणाले.

भिवानं फक्त गप्प बसायचं होतं.

"खात्याचा माणूस असलं गबाळं काम करायचा नाही," साहेब पुढं बोलले.

"गबाळं?" भिवा म्हणाला. "वढून बघा की सायब. तुटला तं मना सांगा."

साहेबांनी चष्मा काढून पुसला.

"गप बसायला काय झालं होतं रे तुला?"

त्यांनी जोड ओढला, तो सुटेना. मग भिवाकडूनच पक्कड मागून घेतली आणि तोडला. कायमचा हुकूम आला नाहीच. महिनाअखेरीला रोजंदारीही सुटली.