फरशीवरची चाल

"यल्ला, फॉल!" काठी बर्फावर दोनदा आपटून कोच ओरडायचा, आणि जाडजूड कपड्यांतली सौदी मुलं धपाधप पडायची. कठड्यापलीकडे बसलेल्या आया दचकायच्या. तो हसून म्हणायचा, "पडायची लाज गेली की हॉकी येते."

रियाधच्या एका मॉलमध्ये हे बर्फाचं मैदान होतं. बर्फ गोठवणारी यंत्रं माझ्याकडे होती. नमाजसाठी मैदान रिकामं झालं की मी बर्फ गुळगुळीत करणारी गाडी फिरवायचो आणि मग माझी नमाज पढायचो. कोच तेवढा वेळ कठड्याला टेकून उभा. "भाई, कोपऱ्यात एक रेघ राहिली." राहिलेली असायचीच.

तो कॅनडाचा. तिकडे नावाजलेला व्यावसायिक खेळाडू होता. एका सामन्यात त्याचं डोकं आपटलं, शुद्ध आली ती हॉस्पिटलात. खेळ तिथंच संपला. "तो सामना माझ्यासाठी अजून अर्धाच आहे," तो म्हणाला होता. "या पोरांचा पहिला सामना मला पूर्ण बघायचाय. मग फहद सांभाळेल." फहद त्याचा सौदी मदतनीस, त्यानंच तयार केलेला. सौदीकरणाची, म्हणजे परदेशी माणसाच्या जागी सौदी माणूस नेमण्याची, वर्षं होती ती. आम्ही परदेशी माणसं आपापली खुर्ची घट्ट धरून बसलेलो, आणि हा मात्र आपली जागा घेणाऱ्याला स्वतः शिकवत होता.

बर्फावर तो तीरासारखा जायचा. बूट बदलून फरशीवर आला की मात्र तोल जायचा. भिंतीला बोटं लावत चालायचा. डोक्याच्या त्या माराचं हे दुखणं. मला त्यानं एकदाच सांगितलं आणि वर बजावलं, "आयांना कळू देऊ नकोस. पोरं पाठवणार नाहीत."

मी कुणाला सांगितलं नाही. केलं ते वेगळंच.

अल सुलै भागातल्या आमच्या खोलीवर जुम्म्याला रत्नागिरीकडची मंडळी जमायची. जेवणं झाली की कुणीतरी म्हणायचं, "दाऊदभाई, तुमचा गोरा दाखवा की!" मी उठायचो, भिंत चाचपत, झोकांड्या खात चालायचो आणि म्हणायचो, "बर्फावर सरळ, फरशीवर तर्र!" लोक पोट धरून हसायचे. आमच्या मुदीरचा, म्हणजे मॅनेजरचा, ड्रायव्हरही त्यात असायचा. आमच्याच गावचा.

त्या देशात दारूची नुसती कुजबुजही माणसाला पुरते. पोरांचा सामना तोंडावर आला असताना मुदीरनं मला बोलावलं.

"तुमच्या खोलीवर हसतात म्हणे. पितो का तो?"

खरं काय ते मला ठाऊक होतं. दुखणं सांगितलं असतं तर दारूचा डाग तिथंच पुसला गेला असता. पण माझा इकामा, तिथं राहण्याचा परवाना, तेव्हाच नूतनीकरणाला गेला होता, आणि चेष्टा कुणी सुरू केली हे मुदीरनं विचारलं तर?

"मला काय माहीत, मुदीर," मी म्हणालो.

"खलास," तो म्हणाला.

कोचला काढलं. बाहेर सांगितलं गेलं की सौदीकरण आहे, फहदला जागा द्यायची आहे. लोक अजून म्हणतात, चेल्यानं गुरूची खुर्ची खाल्ली. काही म्हणतात, दारूनं घालवली. दोन्ही खोटं. तो थेंबही घेत नव्हता, आणि फहद तर दाराआड उभा राहून रडला होता. खुर्ची माझ्या नकलेनं गेली.

कोचनं मला काही विचारलं नाही. नकलेचं त्याला कळलं होतं की नाही, हे मला आजवर माहीत नाही.

शेवटच्या दिवशी मुदीर बाहेर जाणाऱ्या फरशीच्या बोळाच्या तोंडाशी उभा होता, कोचची चाल बघायला. कोचनं बॅग खांद्याला लावली, बोळाकडे एकदा पाहिलं आणि खाली बसून बर्फाचे बूट चढवले. मी नुकतीच गाडी फिरवली होती. त्या कोऱ्या बर्फावरून तो सगळ्यांसमोर पलीकडच्या दाराकडे निघाला. मागे उमटलेली रेघ कुठंही वाकडी नव्हती.

मुदीर निघून गेला. मुलंही पांगली. मी तसाच बघत राहिलो. पलीकडे कोचनं बूट बदलले, उठला, आणि हात पुढे करून भिंत शोधू लागला.