आईच्या चष्म्याला बसणारी दुर्बीण

आमच्या आबांना एका जागी बसवणं अजून कोणाला जमलेलं नाही. रेल्वेनं त्यांना छत्तीस वर्षं चालवलं. लोणावळ्याच्या घाटात ते कीमन होते. म्हणजे खांद्यावर हातोडा घेऊन रोज आपल्या हद्दीतले रूळ पायी तपासायचे, रूळ जागेवर धरणारी एखादी चावी सैल झाली तर ठोकून घट्ट करायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, आम्ही तळेगाव दाभाड्यात फ्लॅट घेतला, पण आबांचे पाय काही निवृत्त झाले नाहीत. सकाळी सोसायटीला नऊ फेऱ्या, मग भाजी, मग विसरलेली कोथिंबीर, मग उगाचच स्टेशनपर्यंत. घरात असले की प्रत्येक वस्तू बोटाच्या पेरानं ठोकून बघतात. सिलिंडर, कलिंगड, नवी बादली. एकदा पाहुण्यांनी आणलेला स्टीलचा डबा त्यांच्यासमोरच ठोकून पाहिला. मला असल्या गोष्टींचा भयंकर राग येतो आणि तो मी लपवत नाही. आई म्हणते, "यशोधरा, तू त्यांच्यावरच गेलीयास."

यंदा एप्रिलमध्ये आबांची तगमग फारच वाढली आणि त्याला कारण आई होती.

दर बुद्धपौर्णिमेला आम्ही बेडशाच्या लेण्यांवर वंदनेला जातो. आबांच्या वडलांपासूनची ही रीत. चारशेच्या आसपास पायऱ्या आहेत आणि गेली दोन वर्षं आईचे गुडघे तिला त्या चढू देत नाहीत. ती खाली गावात, ओळखीच्या निर्मलामावशींच्या ओट्यावर बसून राहायची. आम्ही वर जाऊन यायचो, तिला प्रसादाची खीर द्यायचो आणि घरी परतायचो. ती कधी काही बोलली नाही. यंदा मात्र तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "औंदा तुमीच जावा. मी घरी ऱ्हाते."

"का गं?" आबा उभेच होते.

"खाली बसून काय करू? तुमी जाता वर, मला निसता डोंगर दिसतो. त्यो बी पुसट."

आबा तडक बाहेर गेले. तासाभरानं आले ते दारातूनच म्हणाले, "दुर्बीण घ्यायची. वट्यावर बसून हिला लेणं दिसलं पायजे. खांबावरचे हत्ती, घोडे, समदं."

कल्पना वाईट नव्हती. अडचण अशी की आमच्या घरात चष्म्यांचा सुकाळ आहे. आईचा जाड भिंगाचा, माझा चौथीपासूनचा, माझ्या धाकट्या भावाचा, प्रितमचा, कंपनीत रुजू झाल्यापासूनचा. चष्मा नाही तो फक्त आबांना. रेल्वेच्या तपासणीत त्यांचे डोळे शेवटपर्यंत पहिल्या नंबरात पास झाले आणि त्याचा त्यांना असा काही गर्व आहे की जणू आम्ही तिघांनी आळस केला म्हणून आमचे डोळे बिघडले. चष्म्यातून बघणं म्हणजे काय, हे त्या माणसाला कधी कळलेलंच नाही.

त्यातूनच तो रविवार घडला. सकाळी उठून मी उशीजवळ हात फिरवला, चष्मा नाही. प्रितम बाथरूमच्या दारातून ओरडला, त्याचाही नाही. आई स्वयंपाकघरात डबे हुंगून बघत होती. आबाही घरात नव्हते. माझ्या डोक्यात लगेच प्रकाश पडला. फोन लावला तर आबा लोणावळ्याच्या बाजारात, एका दुकानात.

"चष्मेवाल्यांसाठी दुर्बीण घ्यायची तर चष्मा लावूनच बघाय पायजे ना?" ते म्हणाले. "समद्यांचे घेऊन आलोय. पिशवीत."

मी काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. दुपारी बारापर्यंत आम्ही तिघं भिंतीला धरून बसलो. प्रितमची क्रिकेटची मॅच गेली. बारा वाजता आबा आले, तापलेले, आणि कापडी पिशवी टेबलावर ठेवली. "लोणावळ्यात एक दुर्बीण धड न्हाई. हिचा चष्मा लावला की समद्यांतनं निसता धूर दिसतो. सात बघितल्या. ठोकूनबी बघितल्या."

"आबा, आईचा चष्मा तुम्ही लावला तर तुम्हाला धूरच दिसणार! दुर्बीण नसती तरी धूरच दिसला असता!"

ते माझ्याकडे बघत राहिले. मग एक चष्मा उचलून डोळ्यांना लावला, भिंतीवरच्या कॅलेंडराकडे पाहिलं आणि तो हळूच खाली ठेवला. खरं सांगते, त्या क्षणी मला हसू आलं नाही. माणसानं सात दुर्बिणी तपासल्या होत्या, जीव तोडून, आणि सगळं वाया गेलं होतं. पण वाईट वाटायलाही त्यांनी सवड दिली नाही, लगेच शिदूला फोन लावला.

शिदू लोणावळ्याच्या वरच्या ठाकरवाडीतला. तरुणपणी चार पावसाळे घाटात आबांच्या टोळीबरोबर मजुरीला होता. आता टायगर पॉइंटला दुर्बीण घेऊन उभा राहतो आणि पर्यटकांना दरी दाखवतो. आबांनी सगळी हकिकत सांगितली, स्पीकरवर. शिदू पोटभर हसला आणि म्हणाला, "भाऊ, चष्मा आणून काय करता? मानूस आना!"

माणूस, म्हणजे आई, यायला तयार नव्हती. "मला न्हाई बघायचं काय. उगं नसता खटाटोप," असं ती आठवडाभर म्हणत होती. आबा तिच्यासमोर बोलत नव्हते, पण खोल्यांतून इतके फिरत होते की खालच्या मजल्यावरच्या बाईंनी चौकशी केली. शेवटी पुढच्या रविवारी सकाळी मीच चिडून म्हटलं, "आई, तुझ्या डोळ्यांपायी आम्ही दोघं अर्धा दिवस आंधळे होऊन बसलो. आता तरी चल." ती हसली आणि पातळ बदलायला गेली.

प्रितमनं गाडी काढली. वलवणचं धरण मागं पडेपर्यंत आबांनी तीनदा विचारलं, अजून किती. पॉइंटला कणसांचा धूर, घोडेवाले, फोटो काढणारी पोरं, ही गर्दी. शिदूनं कठड्याजवळ प्लास्टिकच्या स्टुलावर आईला बसवलं. त्याच्याकडे चार दुर्बिणी होत्या.

पहिली मोठी, दहापट दाखवणारी. आईनं उचलली आणि तिचे हात थरथरले. "समदं नाचतंय बाबा."

"नाचनारच, मावशी. जेवढं मोठं दिसतं तेवढा हात हालल्याला दिसतो. आठाची घ्या." शिदूनं दुसरी दिली. आईनं ती डोळ्यांना लावली, मग काढली आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"थांबा!" शिदूनं दुर्बीण परत घेतली. "भाऊ, हे ध्यानात ठिवा. गिऱ्हाइकाचा चष्मा कपाळावर गेला की समजायचं, ही दुर्बीण त्याची न्हवं. डोळा आन् भिंग यांच्यात चष्म्याला जागा पायजे, मंग बाकीचं. न्हाईतर कडंनं काळं दिसतं आन् मधी रुपयाएवढं भोक."

तिसरी खिशात मावेल एवढी. तिच्या भिंगांभोवतीची रबरी वाटी त्यानं फिरवून खाली बसवली. "चष्मेवाल्यानं ही खाली ठिवायची, बिनचष्म्याच्यानं वर." मग आईच्या डोळ्यांतलं अंतर बघून दोन्ही नळ्या जवळ आणल्या.

आबा मागं येरझारा घालत होते. "दिसतं का? आगं, दिसतं का?"

आईनं दुर्बीण हळूहळू दरीत फिरवली. चष्मा जागच्या जागी होता. मग ती म्हणाली, "खाली कुनीतरी पत्र्यावर मिरच्या वाळत घातल्यात." आणि थोड्या वेळानं, "कोंबडी चढली मिरच्यावर. हाड, हाड!"

ती दरीतल्या कोंबडीला हाकलत होती. आजूबाजूची माणसं बघायला लागली. आई इतकी खूश झालेली मी कित्येक महिन्यांत पाहिली नव्हती.

तसलीच एक आम्ही त्याच दिवशी बाजारात घेतली. काउंटरवरच्या मुलीनं आबांना ओळखलं आणि विचारलं, "काका, आज चष्मे नाही आणले?" आबा मान फिरवून रस्त्याकडे बघायला लागले. आम्ही तिघांनी आपापला चष्मा लावून दुर्बिणीतून रस्त्यापलीकडची पाटी वाचली, तेव्हा कुठं त्यांनी दुर्बीण हातात घेतली आणि एकदा ठोकली. उरलेले दिवस ते आईला एकच सांगत होते, "हत्ती बघशील. घोड्यावरची मानसं बघशील." बेडशाला यायचं आईनं कबूल केलं होतं, पण अजून तिचा विश्वास नव्हता. मला भीती वाटत होती की काही बिनसलं तर ही पुन्हा कधीच येणार नाही.

पौर्णिमेला आठ वाजता बेडशात पोचलो. सगळे पांढऱ्या कपड्यांत. या वेळी मी निर्मलामावशींच्या ओट्यावर आईजवळ थांबायचं ठरवलं आणि तसं म्हणताना मला लाज वाटली, कारण गेली दोन वर्षं हे मला सुचलंच नव्हतं. प्रितम आणि आबा निघाले. आईनं दुर्बीण लावली, चष्म्यासकट, आणि डोंगरावरून हळूहळू वर नेली.

"खांब कुटं हाईत गं?"

"लेण्याच्या तोंडाशीच. नीट बघ."

"निसता खडक हाय." ती शोधत राहिली. मग दुर्बीण मांडीवर ठेवली. "आगं, म्होरं खडक हाय न्हवं! त्यातल्या बोळातनं आत गेल्याबिगर खांब दिसत्यात व्हय? मीबी इसरले."

तिचं बरोबर होतं. लेण्यासमोरचा कातळ कोरणाऱ्यांनी तसाच सोडलाय, मधल्या चिंचोळ्या वाटेनं आत शिरल्याशिवाय हत्ती नाहीत की घोडे नाहीत. आबांनी आयुष्यभर ती वाट तुडवली, मीही लहानपणापासून तिच्यातून आत जात आले, आणि दोन आठवडे चष्म्यांची मापं काढताना तो खडक एकाच्याही लक्षात आला नाही. आता आई घरी चला म्हणणार, असं मला वाटलं.

तिनं पुन्हा दुर्बीण उचलली. या वेळी पायऱ्यांकडे.

"प्रितम गेला म्होरं," ती म्हणाली. "तुझे आबा थांबल्यात."

"दम लागला असेल."

"दम न्हाई. हिकडं बघत्यात." तिनं दुर्बीण थोडी वर सरकवली. "निघाले. थांबले. परत वळले बघ."

मला नुसता एक पांढरा ठिपका दिसत होता, इतर ठिपक्यांसारखाच. आईनं हात वर केला आणि हलवला. एवढ्या लांबून आबांना तो काय दिसणार? "कपाळावर हात धरून हुडकत्यात," ती म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "दर पंचवीस-तीस पायऱ्यांना. आन् दोन वर्सं मला वाटायचं, वर गेले की मला इसरत्यात."

मी नेहमी त्यांच्या पुढं चढायचे, मागं वळून कधी बघितलंच नव्हतं. मलाही तसंच वाटत आलं होतं.

मग ती एकदम म्हणाली, "आता काय झालं? माघारी फिरले की!"

खरोखरच अर्ध्या वाटेवरून आबा उतरून आले, घामानं निथळत, ओट्यापर्यंत. "दिसतं का?" त्यांनी विचारलं. "जीव लागंना वर. हत्ती दिसलं का?"

"न्हाई," आई म्हणाली. "म्होरं खडक येतो."

आबांनी कपाळावर हात मारला. त्यांचा चेहरा मला बघवेना. "एवढं करून..." ते दुर्बिणीकडे हात नेत म्हणाले, "दे ती. परत करतो. काय उपेग न्हाई तिचा."

आईनं दुर्बीण पदराआड घेतली. "हात लावू नका. तुमी दिसता त्यातनं. किती येळा थांबलात ते बी सांगू? सात."

आबा उभेच राहिले. बोटाच्या पेरानं ओट्याची कड ठोकत राहिले, डोळे दुसरीकडे.

"जावा आता वर," आई म्हणाली. "निवांत वंदना करून या. मी हाय हितं. बघतीया."

आबा गेले. मी आईच्या शेजारी बसून तिच्या तोंडाकडे बघत होते, डोंगराकडे नाही. ती दुर्बीण पायऱ्यांवरून हळूहळू वर नेत राहिली. मग म्हणाली, "एकदाबी थांबले न्हाईत आता. कसे निवांत चालल्यात."