आईचं बाक

अमेरिकेला भावाकडे जाताना वाटेत इस्तंबूलला आमचा तीन दिवस मुक्काम होता. तिथेही प्रत्येक ठिकाणी आईचं एकच वाक्य, "तुम्ही जाऊन या, मी बसते इथे." मग आमच्या पिशव्या, पाण्याच्या बाटल्या मांडीवर घेऊन ती बाकावर बसायची. कारण गुडघ्यांचं. पण गुडघे धड होते तेव्हाही गडांच्या पायथ्याशी ती अशीच बसलेली मला आठवते. आमच्या प्रत्येक सहलीचे फोटो तिच्या त्या बसण्यावर उभे आहेत.

शेवटच्या दिवशी, विमानाआधी, एका जुन्या दगडी मनोऱ्यापाशी आलो. आईने मान मागे टाकून वर पाहिलं, सगळ्या पिशव्या बाबांच्या हातात दिल्या आणि म्हणाली, "आज तुम्ही बसा."

दारात तिने सवयीने बूट काढले, देवळाबाहेर काढतो तसे. "अगं, इथे नाही काढायचे," असं मी म्हणेपर्यंत ती नुसत्या मोज्यांवर पाच-सहा पायऱ्या चढूनही गेली होती. वाटेत चारदा थांबली, पण मी पुढे केलेला हात एकदाही धरला नाही.

वर भणाण वारा होता. समोर निळा समुद्र, दोन्ही काठांवर शहर. ते सगळं आईने नंतर पाहिलं. आधी ती कठड्यावरून खाली डोकावली. बाकावर बाबा बसले होते. मांडीवर पिशव्या, आणि पिशव्यांवर आईचे बूट.

पदर वाऱ्यावर सोडून ती ओरडली, "अहो, नीट सांभाळा हं!"