खांद्यावरून, मांडीवरून

सत्तरच्या दशकात दौंडच्या बाजूला विजेच्या मोठ्या लाइनचे टॉवर उभे राहत होते. वर चढून अँगल आणि बोल्ट बसवायच्या गँगमध्ये आम्ही दोघे भाऊ होतो. दादा अंगानं सडपातळ, मी आडवा. आमच्या कमरेला चामड्याचा पट्टा आणि त्याला दोर असायचा. पुष्कळदा तोही खालीच राही, कारण चढताना तो सारखा अडके.

एकदा आमचे फोरमन पुण्याहून नव्या तऱ्हेचा पट्टा घेऊन आले. त्यांना आम्ही मामा म्हणायचो. खांद्यांवरून दोन पट्ट्या, छातीवर एक, दोन्ही मांड्यांभोवती एकेक आणि पाठीवर लोखंडी कडी. एकच मिळाला होता. "बैल जुंपायचाय का मामा?" कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले.

मामा हसले नाहीत. "नुसत्या कमरंच्या पट्ट्यावर माणूस पडला की मधनंच मोडल्यागत लटकतो. श्वास घेता येत न्हाई. ह्यात ताठ ऱ्हातो."

त्या दिवशी तारा टांगायच्या सगळ्यात वरच्या आडव्या हातावर आम्हा भावांनाच जायचं होतं.

"धाकट्याला द्या," दादा म्हणाला.

"पुढं तू जाणार हायस. तूच घाल," मी म्हणालो.

"ज्याला बसंल त्यो घालंल," मामा म्हणाले.

आधी मी घातला. मांडीच्या पट्ट्या शेवटच्या भोकालाही पोचेनात. दादाला मात्र तो मापानं शिवल्यासारखा बसला. मामांनी मांडीच्या पट्टीखाली तळहात सरकवला. तो गेला, मूठ गेली नाही, म्हणजे माप बरोबर. मग पाठीची कडी लिंबाच्या फांदीला अडकवून त्यांनी दादाला जमिनीपासून वीतभर वर टांगून पाहिलं.

"पाळण्यातलं पोर केलं राव माझं!" दादा वैतागला, पण पट्टा त्यानं काढला नाही.

वर गेल्यावर दादानं पाठीच्या कडीला बांधलेल्या दोराचा हुक डोक्यावरच्या अँगलला लावला. मी थोडा मागे, टॉवरला कमरेचा पट्टा बांधून. दादानं बोल्ट आवळायला जोर लावला, पाना निसटला आणि त्याचा तोल गेला. मला त्याच्या पायांचे तळवे तेवढे दिसले. दोराला हिसका बसला, पायाखालचं लोखंड थरथरलं. मी डोळे गच्च मिटून घेतले.

"आरं, डोळं मिटून काय बसलास? दोर टाक की!"

दादाच होता. पुरुषभर खाली, ताठ, उभ्याच्या उभा लटकलेला.

"पाय हालवत ऱ्हा, न्हाईतर रगत थांबंल!" खालून मामा ओरडले. मी दोर टाकला, ओढलं, त्यानं एकदाचा अँगल धरला. एकेक पायरी करत आम्ही उतरलो. दादानं तांब्याभर पाणी मागितलं, अर्धं प्यायला, अर्धं डोक्यावर ओतलं. मामांनी आणि मी मिळून त्याच्या पट्ट्याची बक्कलं सोडवली.

शनिवारी शिरूरला एसटी बदलून आम्ही कवठे येमाईला घरी गेलो. दादा फेंगडा चालताना पाहून आईनं विचारलं, "काय झालं रं?"

"काय न्हाई, आये."

मी सगळं सांगून टाकलं. तिनं तेल कोमट करून आणलं. मांड्यांवर पट्ट्यांचे काळेनिळे वळ उठले होते, त्यांवर हलक्या हातानं चोळत राहिली. मग म्हणाली, "ज्यानं त्यो पट्टा शिवला, त्याचं भलं हू दे." आणि माझ्याकडं वळली. "आन् तुझा कुठं हाय?"

सोमवारी गेलो तर मामांनी मोठ्या मापाचा पट्टा आधीच मागवलेला होता. तो येईपर्यंत मला वर पाठवणार नाही म्हणाले. मग मी खाली बसून बोल्ट निवडत राहिलो. वर दादा शीळ घालत काम करायचा. मधूनमधून हातातलं टाकून मी मान वर करून त्याला बघत बसे, आणि मामा मला हटकत नसत.