काट्यावरचे मामा आणि आमचा म्हातारा संगणक

काटेमामांच्या हातात काही दिलं की ते आधी त्याचं वजन करायचे. वांगं असो, नारळ असो, नाहीतर कुणाचं तान्हं पोर. तळहातावर वरखाली करायचे आणि मगच बोलायचे. काटे हे त्यांचं आडनाव नव्हे हो! आमच्या पाळीच्या खाणीवर ट्रक तोलायचा मोठा काटा होता, त्याच्या केबिनीत त्यांचा जन्म गेला. माणूस बांद्याकडचा, बोलणं शेवटपर्यंत मालवणी.

केबिनीत पावत्या छापायला एक संगणक होता. तो रुसला की ट्रकांची रांग पार तिठ्यापर्यंत. दुरुस्तीवाला येईपर्यंत ड्रायव्हरांच्या शिव्या कोण खाणार? म्हणून मामा स्वतःच त्याचं पोट उघडायला शिकले, चुकतमाकत. एकदा सगळं परत जोडल्यावर एक स्क्रू उरला. तो खिशात टाकून म्हणाले, "चलता हा मां? मगे तो जास्तीचोच!"

पुढे खाण बंद पडली. माझ्या मुलाचा, प्रदीपचा, ट्रक माडाखाली उभा राहिला. घर चालायचं कशावर? तेवढ्यात कळलं, डिचोलीच्या एका सोसायटीत मराठी टायपिंग येणारी बाई हवी आहे. आमची सून सुलक्षा कोरगावची, शिकलेली; पण लग्नानंतर बोटं पिठातच. आता टायपिंगची परीक्षा तोंडावर आणि पोर अंगावर पिणारं. तिने डिचोलीला क्लासला जायचं कसं? घरात संगणक होता, बऱ्या दिवसांत घेतलेला. पण बटण दाबून मी भाकरी थापायला बसले, ती तव्यावर फुगली, तरी पडद्यावरचं चक्र आपलं फिरतंच!

"आई, भंगारात दी तें डबडें," प्रदीप म्हणाला. मी काटेमामांना बोलावलं.

मामा बघत बसले, बघत बसले, आणि म्हणाले, "वयनी, ह्यां म्हातारां झालां नाय. नवी सिस्टीम घातलास ती सगळी जागा खाता. रिकामी गाडीच इतकी जड, मगे माल भरतल्यात खंय?"

बघा, इतक्या वर्षांत मला संगणक असा कुणी समजावला नव्हता.

दुसऱ्या दिवशी पेनड्राइव्हवरून त्यांनी एक फुकटची, आटोपशीर सिस्टीम चढवली. पडद्यामागचं डोंगराचं चित्र गेलं, मधेच वाजणाऱ्या घंटा गेल्या, खेळ गेले. प्रत्येकाला विचारायचे, "तुझां वजन किती रे?" आणि उडवायचे. मग मी बटण दाबलं. पिठात पाणी घालते न घालते तोच पडदा तयार! प्रदीप दारात उभा होता, तो पडदा बघायला आत येऊन बसला.

सुलक्षा टाइप करायला लागली आणि रडकुंडीला आली. पडद्यावर नुसते चौकोन. "मामा, माजां मराठी खंय गेलां?"

मामांनी कपाळावर हात मारला. "आवशीक! मियां मालच उतरवन टाकलंय गो!" वजनाच्या भरात मराठी अक्षरंच काढून टाकली होती. ती परत चढवताना स्वतःलाच बजावत होते, "जेच्यासाठी गाडी धावता, तां वझां न्हय."

मग काय विचारता! पोर माझ्या मांडीवर आणि सुनेची बोटं खडखडखडखड. परीक्षेत तिचं नाव पहिलं आलं. प्रदीपने स्वतः तिला डिचोलीला पोचवलं, वाटेत भेटेल त्याला सांगत.

तोवर मामा गावी परतले होते. आता तर ते नाहीतच. पण त्यांची आठवण आली की मला सुलक्षाचा नोकरीच्या पहिल्या आठवड्यातला फोन ऐकू येतो.

"मामा, लागलंय कामाक!"

"मशीन कसलां दिलानी?"

"कोपऱ्यातलां जुनां. कोणाक नको होतां."

"अरे देवा! मगे?"

"मगे काय? मॅनेजराक विचारलंय आणि वझां उतरवलंय. आता तोच आपली पत्रां घेवन माज्या टेबलाकडे उभो रवता. म्हणता, नव्यापेक्षा हेच्यार लवकर होता!"

फोन सुलक्षाच्या कानाला होता आणि मी चुलीपाशी. तरी मामांचं हसणं मला तिथपर्यंत ऐकू आलं.